बायपासला पूर्ण भूल देतात, मग पाठीत एपिड्युरल कशाला?

बाबांचं बायपास नागपूरला धंतोलीत ठरलंय, त्यात पाठीतलं इंजेक्शन ऐकून तुम्ही घाबरलात, साहजिक आहे. पूर्ण भूल लागतेच. एपिड्युरल म्हणजे पाठीतली बारीक नळी, तिच्यातून औषध देतात, ती असते नंतरच्या दुखण्यासाठी. छातीचं हाड कापलेलं असतं. साधा खोकला आला तरी पेशंट उशी छातीशी घट्ट कवटाळतो. दुखणं कमी असलं की श्वास खोल जातो, कफ सुटतो, व्हेंटिलेटरही लवकर निघू शकतो.

खरी भीती रक्तस्रावाची. ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनसाठी हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, भरपूर देतात, वजनाच्या किलोमागे ३०० ते ४०० युनिट. त्यामुळे नळीच्या जागी रक्तस्राव होऊन मणक्यात रक्त साकळलं तर पाय लुळे पडू शकतात. हे क्वचितच होतं, पण म्हणूनच बरेच भूलतज्ज्ञ एपिड्युरल टाळतात, आणि मला ते पटतं. बाबांची क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी) चालू आहे का, शेवटची गोळी कधी घेतली, हे भूलतज्ज्ञांना आजच सांगा.