एचएमएस व्हिक्टरी या जुन्या ब्रिटिश युद्धनौकेच्या प्लास्टिक मॉडेलचा डेक लाकडी कसा दिसेल, आणि तिच्या बाजूंवरच्या पट्ट्यांचा पिवळा कोणता घ्यावा?

आधी डेक. प्रायमरवर फिकट बदामी ॲक्रिलिकचा हात मारा आणि रात्रभर वाळू द्या. मग बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) तैलरंग थिनरमध्ये चहाइतका पातळ करून पसरवा. दहाएक मिनिटांनी सुती चिंधीने पुसा, पण फळ्यांच्या दिशेनेच. आडवं पुसलंत की सगळं डागाळलंच म्हणून समजा. रंग फटींत बसतो, वर जेमतेम छटा उरते आणि फळी न् फळी सुटी दिसू लागते.

पिवळ्याचं म्हणाल, तर खोक्यावरच्या चित्रावर फार विसंबू नका. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या मूळ जहाजावरचे रंगाचे जुने थर तपासून २०१५ साली त्याचा भडक पिवळा बदलला. आताचा फिकट, किंचित गुलाबीकडे झुकणारा आहे. १८०५ च्या ट्राफल्गारच्या लढाईत असाच होता, असा निष्कर्ष निघाला. पांढऱ्यात यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि लालचा अगदी टिपका घातला की जवळपास जमतो. मला तर हाच जास्त देखणा वाटतो.

दोरांची घाई नको. डोलकाठ्या धरून ठेवणारे दोर डांबर लावलेले असत, म्हणून काळपट. शिडं ओढायचे फिकट. बांधण्याआधी दोरा मधमाश्यांच्या मेणावरून ओढून घ्या, नाहीतर त्याची लव उभी राहते.