शेरूच्या मागच्या पायात आता जोर नाही

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आमचा लॅब्राडॉर शेरू साडेनऊ वर्षांचा आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून मागच्या उजव्या पायानं लंगडूलालाय, सकाळी उठताना पुढचे पाय टेकून नुसता बसून राहतो, हॉलमधल्या टाइल्सवर मागचे पाय फाकतात, जिन्याकडं तर बघत पण नाही. वजन ४३ किलो. मामंजी म्हणतात माझी गुडघ्याची गोळी अर्धी दे, शेजारी म्हणतात इंजेक्शन देऊन मोकळं करा. मी रात्री उठून त्याचा श्वास चालू आहे का बघते. मुलीला काय सांगू? आणि दुसरं पिल्लू आत्ताच आणून ठेवावं का? – एक वाचक, अनगोळ, बेळगाव

उत्तर : ताई, आधी मामंजींच्या हातातली ती गोळी काढून घ्या. माणसांची डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन कुत्र्याला दिली की पोटात अल्सर होतात, किडनी जाते, आणि पॅरासिटामॉल पण मनानं द्यायची नाही. कुत्र्यांसाठी मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन अशी औषधं आहेत, पण ती लिव्हर-किडनीचं रक्त तपासून, वजनाच्या हिशोबानं डॉक्टरनीच द्यायची, आणि स्टेरॉइडबरोबर कधीच नाही. औषध चालू असताना उलटी झाली किंवा शी काळी झाली तर थांबवा आणि लगेच फोन करा.

आता दुखणं काय ते बघू. सकाळी आखडणं, चार पावलं चालल्यावर जरा मोकळं होणं, थंड-दमट हवेत वाढणं, हे सगळं संधिवाताचं आहे, आणि लॅब्राडॉरमध्ये मुळात खुब्याचा सांधा सैल असणं बऱ्याचदा त्याच्या मागं असतं. पण तुम्ही एकाच पायाचं लिहिलंय म्हणून मला गुडघ्याच्या लिगामेंटची, म्हणजे हाडं धरून ठेवणाऱ्या पट्ट्याची पण शंका येते, जड कुत्र्यांत ते तुटतं, त्यामुळं एक्स-रे काढाच, आणि हात लावून गुडघा तपासून घ्या कारण लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही. तिसरी गोष्ट गोचीड. टिक फिवरनं पण सांधे सुजतात, कुत्रं लंगडतं, आणि औषधानं बरं होणारं दुखणं आपण म्हातारपण म्हणून सोडून देतो, तेव्हा त्याचं रक्त तपासायला सांगा. पंजा उलटा पडून नखं जमिनीवर घासत असतील तर मात्र मणक्याचं असू शकतं, तिथं उद्याची वाट बघायची नाही.

खरं औषध म्हणजे वजन. नर लॅब्राडॉर साधारण २९ ते ३६ किलोत असावा, शेरू ४३ आहे. २००२ साली ४८ लॅब्राडॉरांवरचा एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, ते कमी खाणारे साधारण पावणेदोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचा संधिवात पण उशिरा सुरू झाला. आणि आपल्याकडं काय, घरात कुंदा, म्हणजे आपली बेळगावची दुधाची मिठाई, आला की पहिला घास कुत्र्याला, चहाबरोबर बिस्कीट, उरलेली तुपाची चपाती, घरात प्रत्येकजण लपून देतो आणि प्रत्येकाला वाटतं आपणच देतो! ते बंद करा, जेवण मापून द्या, पण एकदम उपाशी ठेवू नका, वजन काही महिन्यांत हळूहळू उतरू दे. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या की समजा बरोबर चाललंय.

टाइल्सवर बारदान किंवा रबरी चटई टाका, तो जिथनं जिथनं जातो तेवढी वाट तरी. नखं कापा, पंज्याखालचे वाढलेले केस पण, नाहीतर घसरतोच. झोपायला जाड वाकळ द्या, खाली प्लास्टिक घाला म्हणजे फरशीचा गारवा वर येणार नाही. फिरायला दिवसातनं तीनदा थोडं थोडं, पट्ट्यानं धरून, बॉलच्या मागं पळवणं आता नको. उठायला जमत नसेल तर पोटाखालनं टॉवेल घालून मागचा भाग उचलून धरा.

तुमच्या भीतीचं. सांधे दुखले म्हणून कुत्रं मरत नाही, आणि दुखणं आवरलं की हाच शेरू पुढची दोन-तीन वर्षं पण आरामात काढू शकतो, म्हणून शेजाऱ्यांना सध्या गप्प बसवा. इंजेक्शनचा विचार कधी करायचा, तर औषधं देऊन पण दुखणं थांबत नाही, खाणं सुटलंय, स्वतःच्या लघवीत पडून राहतोय आणि उठवलं तरी उठत नाही, अशा वेळी, आणि तेव्हा पण डॉक्टरशी बसून. कॅलेंडरवर रोज रात्री एक खूण करा, चांगला दिवस की वाईट, हे काम मुलीलाच द्या. शेरू म्हातारा झालाय, त्याचे पाय दुखतात हे तिला आत्ताच सांगा. उद्या काही झालंच तर 'गावाला पाठवलं' असलं काही सांगू नका, पोरं वर्षभर दाराकडं बघत बसतात.

रात्री श्वास बघायला उठता, तर उठा, त्यात वेडेपणा काही नाही. फक्त तो धापा टाकतोय का, सारखी कूस बदलतोय का तेवढं बघून ठेवा आणि सकाळी डॉक्टरना सांगा, दुखण्याच्या खुणा याच असतात, कुत्रं ओरडून सांगत नाही.

आणि पिल्लू? आत्ता नको. ते दिवसभर त्याच्या अंगावर उड्या मारणार, कान चावणार, आणि शेरूला उठून बाजूला पण जाता येत नाही. आधी एक्स-रे होऊ दे, वजन उतरू दे, मग तुम्हाला अजून हवंसं वाटलं तर परत लिहा.