आत्मविश्वासाचा आव आणावा की आधी कौशल्य कमवावे?

नव्या कामावर आत्मविश्वास वाटत नसेल, तर तो असल्याचा आव आणावा का, असा आपला प्रश्न आहे. माझे स्पष्ट मत असे की आणू नये. कारण आव पहिल्या भेटीपुरता टिकतो आणि दुसऱ्या नेमक्या प्रश्नाला उघडा पडतो, शिवाय तो सांभाळण्यात जी शक्ती खर्च होते तीच शिकण्यासाठी हवी असते.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, ‘हे मला जमेल’ या विश्वासाचा सर्वांत भक्कम स्रोत म्हणजे ते काम स्वतः पार पाडल्याचा अनुभव. इतरांचे यश पाहणे किंवा कुणी दिलेले प्रोत्साहन यांचा प्रभाव त्यामानाने कमी असतो. म्हणून ज्याचा कुणाला तरी प्रत्यक्ष उपयोग होणार आहे असे एखादे लहान काम निवडा, ते शेवटपर्यंत न्या आणि जाणकाराला त्यातील चुका दाखवायला सांगा. चुका ऐकणे जड जाते, हे मी जाणतो. पण नेमकी चूक न कळता केलेल्या सरावाने तीच चूक पक्की होते. काय अडले आणि कसे सुटले याची नोंद ठेवा. मुलाखतीत सांगण्यासारखे जे असते ते तिथेच सापडते.

मनात भीती असताना शांतपणे बोलण्यात काहीच खोटेपणा नाही. न येणारी गोष्ट विचारली गेली, तर ‘हे मी अजून केलेले नाही, पण याच्या जवळचे अमुक काम केले आहे’ असे सांगावे.