वाचकांचे प्रश्न : पाणथळ, पाषाण आणि बिबट्या

प्रश्न : नांदूरमध्यमेश्वरला पहाटे जाऊन मी पक्ष्यांची छायाचित्रे काढतो. आकाशातले थवे काळ्या ठिपक्यांसारखे येतात, तर पाण्यातले बगळे पांढरेफटक दिसतात, त्यांचे एक पीसही ओळखू येत नाही. महागडी लेन्स घेतल्याशिवाय हे सुधारणार नाही का? – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : लेन्सची घाई करू नका, कारण या दोन्ही दोषांचे मूळ एकच आहे. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे असणार, असे कॅमेऱ्याचा प्रकाशमापक गृहीत धरतो. उजळ आकाशाने चौकट भरली की तो प्रकाश कमी करतो आणि त्यात बदके काळवंडतात. गर्द पाणवनस्पतींमध्ये एकटाच बगळा उभा असला की तो प्रकाश वाढवतो आणि पिसांचे तपशील पुसले जातात. म्हणून थव्यासाठी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश, एका स्टॉपने (दुपटीने) वाढवावे, बगळ्यासाठी साधारण तेवढेच कमी करावे आणि लगेच पडद्यावर पाहून त्यात फेरफार करावा. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या आसपास असू द्यावा.

याहून महत्त्वाची आहे ती उभे राहण्याची जागा. पक्षी सहसा वाऱ्याच्या दिशेला तोंड करूनच उडतात आणि उतरतात. त्यामुळे सूर्य आणि वारा दोन्ही आपल्या पाठीशी असतील, तर पक्षी आपल्याकडे तोंड करून आणि उजेडात उतरतो. हळदीकुंकू बदकाच्या चोचीचे पिवळे टोक आणि तिच्या मुळाशी असलेले लाल ठिपके साध्या लेन्सनेही टिपता येतात ते अशाच वेळी. थवा काळाच हवा असेल, तर तो ठरवून काळा करावा : सूर्य मावळतीला टेकलेला असताना फ्लेमिंगोंच्या लांब मानांच्या आकृत्या एकमेकींवर न चढता सुट्या दिसतील, तो क्षण साधावा.

आणखी एक आग्रहाची सूचना. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटे तयार झाली, म्हणून पक्षी तेथे येऊ लागले. २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेल्या या पाणथळाची ओळख केवळ पक्ष्यांच्या चेहऱ्यांतून पटत नाही. गाळ, लव्हाळे, मासेमारांची जाळी आणि त्यांच्यामध्ये लहानसा दिसणारा पक्षी, अशी रुंद चौकट मला शंभर चेहऱ्यांपेक्षा मोलाची वाटते.

प्रश्न : सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराची छायाचित्रे सपाट येतात, कोरीवकाम उठून दिसत नाही. असे का होत असावे? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : आपण बहुधा दुपारी जात असाल, किंवा सूर्य थेट पाठीशी ठेवत असाल. पक्ष्यांसाठी जे योग्य, ते कोरीवकामासाठी घातक ठरते. शिल्पाला खोली येते ती सावलीमुळे, आणि सावली पडण्यासाठी उजेड भिंतीला घासून जावा लागतो. मंदिर पूर्वाभिमुख आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य आग्नेयेला उगवतो, त्यामुळे सकाळी दक्षिणेकडच्या भिंतीवर तिरपा उजेड पडतो आणि तिच्यावरील प्रत्येक थर वेगळा दिसू लागतो. उत्तरेकडच्या भिंतीला मात्र त्या दिवसांत ऊन लागतच नाही. सूर्य ईशान्येला उगवून वायव्येला मावळतो तो मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत, म्हणून त्या बाजूसाठी एप्रिल-मेमधली सकाळ राखून ठेवावी.

प्रकाशमापक इथेही फसवतो : काळ्या पाषाणाला तो करडा करून टाकतो. एक्स्पोजर थोडे कमी केले की दगडाचा खरा रंग परततो. शिखर भूमिज शैलीचे आहे, म्हणजे उभ्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या ओळी एकीवर एक रचलेल्या आहेत. कॅमेरा वर कलवला की ही सगळी लय मागे झुकल्यासारखी दिसते. त्याऐवजी जोत्याच्या कडेपर्यंत मागे सरकावे, कॅमेरा सरळ धरावा आणि पंचायतनातल्या, म्हणजे मुख्य मंदिराभोवतीच्या, चार लहान मंदिरांपैकी एखादे पुढे घ्यावे. मुख्य मंदिराच्या उंचीचा अंदाज त्यातून आपोआप येतो. हे संरक्षित स्मारक आहे, तेव्हा ट्रायपॉड लावायचा असल्यास आधी परवानगी घ्यावी.

प्रश्न : आमच्याकडे ऊसतोडीच्या वेळी बिबट्याची पिल्ले सापडतात. त्यांची जवळून छायाचित्रे काढावीत का? – एक वाचक, निफाड

उत्तर : काढू नयेत. मादी बहुधा जवळपासच असते, आणि माणसांचा घोळका जितका वेळ थांबेल तितके तिचे परतणे लांबते. पिल्लांना हात न लावता तोड थांबवावी, सर्वांनी मागे सरकावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

बिबट्याची उत्तम छायाचित्रे वेगळ्या रीतीने निघतात. मुंबईच्या आरे कॉलनीतल्या गल्लीतून रात्री जाणाऱ्या बिबट्याचे नयन खानोलकर यांनी टिपलेले छायाचित्र २०१६ च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी वन्यजीवांच्या विभागात विजेते ठरले. ते कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे प्राण्याच्या हालचालीने आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्याने, घेतलेले होते. त्यासाठी प्राण्याची ये-जा कोठून होते याचा अभ्यास करावा लागतो आणि छायाचित्रकाराने तेथे हजर असण्याची गरज उरत नाही. आपल्याला हे शिकायचे असेल, तर सुरुवात बांधावरचे मुंगूस किंवा कोल्ह्यापासून, शेतमालकाच्या संमतीने करावी. बिबट्याच्या वाटेवर कॅमेरा बसवण्यापूर्वी वनविभागाशी बोलणे आवश्यक आहे.