“पोरगं अजून शिकतंयच”

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

“मॅडम, पोरगं अठ्ठावीसचं झालं. अजून शिकतंयच. भावकीत विचारलं तर काय सांगायचं?”

समुपदेशनासाठी आलेले सांगलवाडीचे आबा माझ्यासमोर बसले होते. शेजारी मुलगा, मान खाली. लेसर-प्लाझ्मा विषयात पीएचडीचं पाचवं वर्ष. दोन दिवाळ्या तो घरी आला नव्हता. मुलगा किंवा मुलगी संशोधनात गेलेल्या घरांतून हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. आईबापांना समज नाही म्हणून तो उडवून लावणं मला पटत नाही. पोटापाण्याची काळजी खरीच असते.

मी मुलाला म्हटलं, “तू काय करतोस ते आबांना सांग. माझ्याकडे बघू नकोस.”

तो दोनदा अडखळला. मग म्हणाला, “आबा, कृष्णेत शर्यतीची होडी जोरात गेली की मागं लाट उठते ना? आमच्याकडं होडीच्या जागी लेसरचा झटका, पाण्याच्या जागी प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू. त्या लाटेवर इलेक्ट्रॉन बसला की तुफान पळतो. २०१९ मध्ये अमेरिकेत बर्कलीला २० सेंटिमीटरांत इलेक्ट्रॉनला जेवढी ऊर्जा दिली, तेवढी द्यायला नेहमीच्या यंत्रात शेकडो मीटर लागतात.”

आबांनी तरुणपणी वल्हं मारलेलं. ते पुढे सरकले. “आणि लाट धरायची वेळ चुकली तर?”

“तर तो मागं राहतो. माझं तिथंच अडलंय, आबा. लेसरचा एक शॉट, म्हणजे एक झटका, झकास येतो, पुढचा तसा येत नाही. दीड वर्ष झालं.”

आपण अडकलोय, हे त्याने घरच्या माणसाला पहिल्यांदाच सांगितलं होतं. दिवाळीला न येण्याचं कारण मला तिथे कळलं.

मग आबांनी विचारलं, हे फक्त तुझंच अडलंय का? मुलगा म्हणाला, ताजिमा आणि डॉसन यांनी ही कल्पना १९७९ मध्ये मांडली. इलेक्ट्रॉनांचा जवळपास एकसारख्या ऊर्जेचा झोत मिळाल्याचं तीन गटांनी जाहीर केलं ते २००४ मध्ये. आबांनी बोटांवर मोजलं. पंचवीस वर्षं.

पण मी तिथे “धीर धरा” म्हटलं नाही. विषयाला पंचवीस वर्षं परवडतात, घराला नाही. मी पैशांचं विचारलं, तर आबांना वाटत होतं पोरगं फी भरतंय आणि शिकवण्या घेऊन घरी पैसे पाठवतंय. त्याला राष्ट्रीय फेलोशिप आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सध्या पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. मात्र ती पाच वर्षांनी थांबते, आणि याचे सातच महिने उरले होते.

म्हणून त्याला एकच काम दिलं. गाईडसमोर बसून लेखी ठरवायचं: हाती आहे त्यातलं काय प्रबंधाला पुरेल, कोणती प्रकरणं, कोणत्या तारखेला. पुढच्या वाटाही बोललो. लेसर, निर्वात यंत्रणा, डिटेक्टर, संगणकावरची गणितं हे हातातलं कसब कंपन्यांनाही लागतं. कर्करोगावर रेडिएशन देणारं लिनॅकही इलेक्ट्रॉनच पळवतं. पण रुग्णालयात भौतिकतज्ज्ञ व्हायला वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो, हेही त्याला स्पष्ट सांगितलं.

महिन्याने त्याचा फोन आला. चांगल्या शॉट्सवर प्रबंध उभा राहणार होता. शॉट्स एकसारखे आणण्याचं काम पुढच्या विद्यार्थ्याकडे जाणार होतं. आवाज मोकळा होता, थोडा उदासही. दीड वर्ष उराशी धरलेलं काम सोडताना असं होतंच, आणि त्याला ते वाटू द्यावं असं मला वाटलं.

मागच्या आठवड्यात आबा परत आले, लग्नाचा विषय घेऊन. या वेळी मुलाला आधी विचारून आले होते.