घर-दुरुस्ती : वाचक विचारतात
काळ्या मातीतल्या घरांच्या भेगा

आमचं 15 वर्षांचं लोडबेअरिंग (कॉलम नसलेलं, भिंतींवर भार पेलणारं) घर आहे. खिडकीच्या कोपऱ्यापासून स्लॅबपर्यंत तिरकी भेग गेली आहे. मे महिन्यात तिच्यात करंगळी जाते, ऑगस्टमध्ये ती जवळजवळ मिटते. दोन उन्हाळे सिमेंट भरलं, तर आता बाजूलाच दुसरी भेग पडली. – वाचक, अकोट (जि. अकोला)

दुसरी भेग त्या सिमेंटमुळेच पडली. काळ्या मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी घेऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात घराबाहेरची माती वाळते, पण घराखालची दमट राहते. त्यामुळे कोपरा खाली बसतो आणि वर रुंद, खाली अरुंद अशी भेग उघडते. पावसाळ्यात कोपरा परत वर यायला बघतो, पण मे महिन्यात भरलेलं कडक सिमेंट पाचरीसारखं आडवं येतं. मग भिंत शेजारी फुटते. म्हणून भेगेला हात सगळ्यात शेवटी लावायचा. आधी पाण्याचा बंदोबस्त.

आज एवढंच करा : भेगेच्या दोन्ही बाजूंना पितळी स्क्रू पक्के बसवा आणि त्यांच्यातलं अंतर दर महिन्याला व्हर्निअर कॅलिपरने मोजून तारखेसह लिहून ठेवा. काचेची पट्टी चिकटवायची पद्धत आहे खरी, पण काच फुटली की भिंत हलली एवढंच कळतं. किती हलली ते कळत नाही.

मग घराभोवती फेरी मारा. गच्चीचं पाणी जोत्याशी पडतंय का? न्हाणीचा पाइप मातीत सुटलाय का? शोषखड्डा भिंतीला लागून आहे का? कोपऱ्यात बागेचा नळ आहे का? ज्या बाजूला भेग, त्या बाजूला यातलं एखादं तरी बहुधा सापडतंच. गच्चीचं पाणी बंद पाइपने किमान 3 मीटर लांब न्या.

त्यानंतर जोत्याभोवती 1.5 मीटर रुंदीचं ॲप्रन, म्हणजे काँक्रीटची पट्टी, करा. दीड फूट काळी माती काढा, मात्र पायाच्या तळाखाली जाऊ नका. तिथे किंचित चिकणमाती असलेला मुरूम 150 मि.मी.च्या थरांनी, पाणी शिंपून, धुम्मस मारून भरा. वाळू किंवा खडी नको. गवंडी ‘निचरा चांगला होईल’ म्हणून आग्रह धरतात, पण बाहेर वाट नसलेल्या त्या खड्ड्यात पाणी साठून नेमकं पायाशीच मुरतं. मुरुमावर 250 मायक्रॉनचं पॉलिथिन आणि त्यावर 100 मि.मी. काँक्रीट घाला. काँक्रीट दीड-दीड मीटरच्या तुकड्यांत, 30ला 1 असा बाहेर उतार देऊन ओता. भिंत आणि ॲप्रन यांच्यामध्ये 12 मि.मी. फट ठेवून ती लवचीक सीलंटने भरा. ही फट सिमेंटने बुजवली तर पहिल्याच उन्हाळ्यात उघडते आणि सगळं पाणी तिथूनच आत जातं.

हे काम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काढा. मे महिन्यात कोरडीठाक माती झाकली की पुढे ती हळूहळू ओल ओढते आणि वर उचलते.

एक पूर्ण उन्हाळा आणि पावसाळा गेल्यावर स्क्रूंमधल्या अंतराचा फरक 1 मि.मी.च्या आसपास राहिला, तर भिंत टाचून घ्या. गिलावा काढून विटांच्या दर चौथ्या थराचा सांधा 40 मि.मी. खोल खरवडा. त्यात भेगेच्या दोन्हीकडे अर्धा मीटर जाईल अशी स्टेनलेस स्टीलची सळई ठेवून न आकसणारा ग्राउट (सांधे भरायचा मसाला) भरा. साधी सळई एवढ्या कमी आवरणात गंजते. खुद्द भेगेत सिमेंट-चुना-वाळूचा 1:1:6 असा मऊ मसाला घाला.

हॉलच्या मधोमध फरशी उचलली आहे, दारं अडकतात. भिंती मात्र ठीक आहेत. – वाचिका, बार्शी

आधी गळती शोधा. रात्री गच्चीवरच्या टाकीत येणारं पाणी बंद करा, सगळे नळ बंद आहेत ना ते बघा आणि टाकीत पातळीची खूण करा. सकाळी पातळी उतरलेली असेल तर पाइप गळतोय. फरशीखालचा पाइप निघाला तर तो सोडून द्या आणि नवा भिंतीवरून फिरवा. ओल ओसरल्यावर, म्हणजे काही महिन्यांनी, फरशी काढा. खालची 2 फूट माती काढून मुरूम भरा. लगेच फरशी बसवलीत तर पुन्हा खर्च होईल.

भिंतीपासून 12 फुटांवर मोठा कडुनिंब आहे. तोडावा का? – वाचक, परभणी

एकदम तोडू नका. झाड घराच्या आधीचं असेल तर मुळीच नको : त्याने वर्षानुवर्षं कोरडी केलेली माती झाड तोडल्यावर फुगते आणि भिंत उचलते. दरवर्षी थोडा विस्तार कमी करत जा. तोड करावीच लागली तर परवानगी घ्या. नवं झाड लावताना त्याची पूर्ण वाढ झाल्यावर जेवढी उंची होईल, तेवढं अंतर घरापासून ठेवा.

एक कोपरा 2 इंच खचला आहे. कठीण मुरूम 7 फुटांवर आहे. कंत्राटदार ‘फक्त तेवढ्या कोपऱ्याखाली काँक्रीट भरतो’ म्हणतो. – वाचक, हिंगणघाट

अंडरपिनिंग, म्हणजे जुन्या पायाखाली नवं काँक्रीट भरणं, योग्य; ‘फक्त तेवढा कोपरा’ अयोग्य. एक कोपरा मुरुमावर टेकवला आणि बाकी पाया मातीवर तरंगता राहिला, की दोन्हींच्या सांध्यावर नवी भेग येते. दोन्ही भिंतींखाली काँक्रीटची खोली कोपऱ्यापासून टप्प्याटप्प्याने कमी करत जावं लागेल. कुठवर जायचं ते स्ट्रक्चरल इंजिनिअर पाहून ठरवेल.

पायाखालचे खड्डे 1 ते 1.2 मीटर लांबीचे, एकाआड एक नंबर देऊन घ्या. शेजारचे दोन खड्डे एकाच वेळी उघडे नकोत. काँक्रीट जुन्या पायाच्या 75 मि.मी. खाली थांबवा. दुसऱ्या दिवशी ती फट सिमेंट-वाळूच्या 1:3 अशा जवळजवळ कोरड्या मसाल्याने ठोकून भरा. घाईत काँक्रीट थेट वरपर्यंत ओततात, ते आकसतं आणि भिंतीचा भार त्यावर येतच नाही. खोदाईच्या बाजूंना फळ्यांचा आधार हवाच, काळी माती सूचना न देता ढासळते.

त्याच प्लॉटवर नवी खोली बांधायची आहे. – तेच वाचक

मातीची फ्री स्वेल चाचणी (माती पाण्यात किती फुगते ते सांगणारी) करून घ्या. निकाल 50 टक्क्यांच्या वर गेला तर उथळ पाया नको. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने (सीबीआरआय) विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले, खाली फुगीर असलेले काँक्रीटचे खांब, अशाच मातीसाठी आहेत : 300 मि.मी. व्यासाचा पाइल, खाली 750 मि.मी.चा फुगा, खोली किमान 3.5 मीटर. पाइलवरचा बीम मातीपासून किमान 80 मि.मी. वर हवा. बहुतेक ठिकाणी बीम सरळ मातीवर ओततात. मग माती फुगली की बीमलाच ढकलते आणि पाइलचा खर्च वाया जातो.