सारंगखेड्याहून आणलेली घोडी जंताची पेस्ट थुंकते, काय करावं?

आधी तोंड धुवा. गालात चाऱ्याचा घास असला की पेस्ट त्यालाच चिकटते आणि घासासकट बाहेर पडते. थुंकण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच. पेस्टच्या सिरिंजच्या दांड्यावरची रिंग घोडीच्या वजनाच्या खुणेवर फिरवून घट्ट करा. डाव्या अंगाला उभं राहून म्होरकी धरा. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून सिरिंज आत सारा, पेस्ट जिभेच्या मागच्या भागावर सोडा, गिळेपर्यंत हनुवटी जराशी वर ठेवा. मान उंच ताणू नका. पातळ औषध तर अशाने सरळ फुप्फुसात जातं. बांबूच्या नळीने ओतणं म्हणूनच नको. सिरिंज पाहूनच बिचकत असेल, तर आठवडाभर धुतलेल्या सिरिंजने गुळाचं पाणी द्या. बाजरीच्या भरड्यात कालवाल, तर अर्धा डोस गव्हाणीतच राहील.